सर्व्हर बंद पडला, पण करार मोडला नाही: क्लाऊडचं ‘एसएलए’ कसं वाचायचं?

२० ऑक्टोबर २०२५ ला नरक चतुर्दशी होती. आपल्या घड्याळात दुपारचे १२ वाजून १८ मिनिटं झाली होती, तेव्हा अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या ॲमेझॉनच्या क्लाऊडमध्ये एका नावासमोरचा पत्ता गायब झाला. डायनॅमोडीबी नावाची त्यांची डेटाबेस सेवा आहे, तिचा तो पत्ता. इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा असते, डीएनएस. ॲमेझॉनकडे ही नोंद माणसं करत नाहीत, प्रोग्राम करतात. त्यातला एक प्रोग्राम रेंगाळला आणि त्याने जुनी यादी नव्या यादीवर चढवली. दुसऱ्याने जुनी यादी दिसली म्हणून ती साफ करून टाकली. शेवटी नाव राहिलं, पत्ता राहिला नाही.

डायनॅमोडीबी दुपारी ३ वाजून १० मिनिटांच्या सुमारास परत आली. पण ॲमेझॉनच्याच इतर कित्येक सेवा तिच्या जिवावर चालतात. त्यामुळे नवीन सर्व्हर सुरू करण्याची सोय पूर्णपणे सुरळीत व्हायला आपल्याकडे मध्यरात्र उलटून २ वाजून २० मिनिटं झाली. मधल्या काळात स्नॅपचॅट, सिग्नल, रोब्लॉक्स, कॅनव्हा, ड्युओलिंगो असं बरंच काही अडलं. नऊच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला रात्री, मायक्रोसॉफ्टची पाळी आली. अझ्युअर फ्रंट डोअर या सेवेत एक चुकीचा बदल गेला आणि आठ तासांहून जास्त काळ गोंधळ चालला.

दोन्ही वेळा मला ओळखीच्या लोकांनी एकच प्रश्न विचारला. आता या कंपन्यांना भरपाई किती बसणार?

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. महिन्यातला एक आठवडा रात्री फोन उशाशी ठेवून झोपायची पाळी माझी असते, त्यामुळे हा प्रश्न मला धंद्याचा वाटतो. पण माझं गाव उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड. तिथे हाच प्रश्न वेगळ्या तोंडाने विचारला जातो. सेवा केंद्रातला पोरगा म्हणतो, “मावशी, सर्व्हर डाऊन हाय, उद्या या.” मावशी विचारते, “आन् माझा आजचा रोज?” म्हणून हा लेख दोन्ही टोकांचा आहे. आधी करार काय म्हणतो ते बघू, मग तो उमापुरापर्यंत पोहोचतो का ते बघू.

एसएलए म्हणजे हमी नव्हे, दरपत्रक

एसएलए म्हणजे सेवा किती चांगली मिळेल याचा लेखी करार. त्यात तीन गोष्टी असतात: काय मोजायचं, किती आकडा गाठायचा, आणि आकडा हुकला तर काय द्यायचं. लोक फक्त दुसरी गोष्ट वाचतात. जाहिरातीतही तीच असते, ‘९९.९९ टक्के’. खरा करार पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत असतो.

आधी आकड्याचा अर्थ लावून घेऊ. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. ९९ टक्के म्हटलं तर ७ तास १२ मिनिटं सेवा बंद राहिली तरी आकडा गाठला. ९९.५ ला ३ तास ३६ मिनिटं, ९९.९ ला ४३ मिनिटं, ९९.९५ ला साधारण २१ मिनिटं, ९९.९९ ला फक्त ४ मिनिटं. म्हणजे दशांश चिन्हापुढचा एकेक नऊ महाग असतो. चार मिनिटांत तर झोपेतून उठून लॅपटॉप उघडेपर्यंत वेळ संपतो. तिथे माणूस कामाचा नाही, सगळं आपोआप सावरायला हवं.

हे आकडे एकाच कंपनीतसुद्धा एकसारखे नसतात. ॲमेझॉनचा एकटा सर्व्हर घेतला तर करार ९९.५ टक्क्यांचा आहे. तेच काम दोन वेगवेगळ्या झोनमध्ये, म्हणजे वीज आणि इमारत वेगळी असलेल्या ठिकाणी, पसरवून ठेवलं तर ९९.९९ चा. अझ्युअरचंही तसंच आहे. चांगल्या डिस्कवर चालणारा एकटा सर्व्हर ९९.९, झोनमध्ये विभागलेले सर्व्हर ९९.९९. म्हणजे “आम्ही ॲमेझॉनवर आहोत, आमची सेवा ९९.९९ टक्के चालते” असं एखादा सॉफ्टवेअर विकणारा सांगत असेल, तर त्याला विचारायचं, किती झोनमध्ये? बऱ्याचदा उत्तर ‘एका’ असं येतं. कारण दुसऱ्या झोनचा खर्च ग्राहकाला दिसत नाही आणि बिलात मात्र दिसतो.

आता भरपाई. ॲमेझॉनच्या सर्व्हरच्या करारात आकडा ९९.९९ च्या खाली गेला, पण ९९ च्या वर राहिला, तर त्या सेवेच्या त्या महिन्याच्या बिलाचे १० टक्के मिळतात. ९९ ते ९५ मध्ये ३० टक्के. ९५ च्याही खाली, म्हणजे महिन्यात ३६ तासांपेक्षा जास्त बंद, तर शंभर टक्के. आणि ‘मिळतात’ म्हणजे खात्यात पैसे येत नाहीत. पुढच्या बिलात तेवढी वजावट होते, तिला क्रेडिट म्हणतात. हे क्रेडिट हाच तुमचा एकमेव हक्क आहे, असंही करारात स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमचा धंदा बुडाला, गिऱ्हाईक गेलं, त्याचा इथे संबंध नाही.

समजा गेवराईतल्या एका कृषी सेवा केंद्राचं बिलिंग क्लाऊडवर आहे आणि क्लाऊडचं बिल महिन्याला ₹४,००० येतं. पेरणीच्या ऐन गर्दीत सेवा तीन तास बंद पडली. बियाणं घ्यायला आलेली माणसं समोरच्या दुकानात गेली. करारानुसार भरपाई ₹४००. तीही मागितली तर. कारण हे क्रेडिट आपोआप जमा होत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणता सर्व्हर बंद होता, त्याच्या नोंदी जोडून अर्ज करावा लागतो, आणि तोही घटनेनंतरचं दुसरं बिलिंग चक्र संपायच्या आत. ज्याने स्वतःच्या नोंदी ठेवल्याच नाहीत त्याने काय जोडायचं?

म्हणून मी याला हमी म्हणत नाही. सेवा बंद पडली तर काय भाव लागेल, त्याचं हे दरपत्रक आहे, आणि भाव विकणाऱ्याने ठरवलेला आहे.

२० ऑक्टोबरचा हिशोब

डायनॅमोडीबीसाठी ॲमेझॉनचा करार ९९.९९ टक्क्यांचा. बंद वेळ साधारण १७२ मिनिटं. ऑक्टोबर ३१ दिवसांचा, म्हणजे ४४,६४० मिनिटं. पूर्ण १७२ मिनिटं एकही विनंती गेली नाही असं धरलं, तरी महिन्याचा आकडा सुमारे ९९.६ येतो. म्हणजे सर्वात खालची पायरी, १० टक्के क्रेडिट, तेही फक्त डायनॅमोडीबीच्या बिलावर.

खरी गंमत पुढे आहे. रात्री २ वाजून २० मिनिटांपर्यंत जे चाललं, ते काय होतं? नवीन सर्व्हर सुरू होत नव्हते. आधीपासून चालू असलेले सर्व्हर ठीक होते, असं ॲमेझॉनने नंतरच्या अहवालात लिहिलं. करारातली ‘बंद’ची व्याख्या अशी आहे, की तुमचे चालू असलेले सगळे सर्व्हर, दोन किंवा जास्त झोनमधले, एकाच वेळी बाहेरच्या जगापासून तुटले पाहिजेत. नवा सर्व्हर मागितला आणि मिळाला नाही, हे या व्याख्येत बसत नाही. आता बहुतेक मोठ्या वेबसाइट गर्दी वाढली की आपोआप नवे सर्व्हर जोडतात आणि कमी झाली की सोडतात. खर्च वाचवायची हीच तर क्लाऊडची शिकवण. ज्यांनी रात्री सर्व्हर कमी केले आणि सकाळी वाढवायला गेले ते अडकले. त्यांच्या दृष्टीने सेवा बंद होती, कराराच्या दृष्टीने नव्हती.

यात कोणी फसवलं असं मला म्हणायचं नाही. व्याख्या उघड आहे, वेबसाइटवर आहे, कुणीही वाचू शकतो. फक्त ती वाचताना ‘किती टक्के’च्या आधी ‘कशाचे टक्के’ हे बघायचं.

मुंबईत सर्व्हर असलेल्यांना काय? ॲमेझॉनचं मुंबई केंद्र जून २०१६ पासून आहे, हैदराबादचं नोव्हेंबर २०२२ पासून. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच पुणे, मुंबई आणि चेन्नईत केंद्रं उघडली. ही केंद्रं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. पण ‘स्वतंत्र’ला एक अट आहे. कोणाला कशाची परवानगी आहे यासारख्या काही जागतिक सेवांची सूत्रं व्हर्जिनियात आहेत. त्या दिवशी तिथल्या जागतिक सेवांवरही परिणाम झाला.

बांधाच्या पलीकडे

सगळ्या क्लाऊड करारांत वगळलेल्या गोष्टींची एक यादी असते. नैसर्गिक आपत्ती, ग्राहकाने स्वतः केलेला घोळ, बिल थकलं म्हणून बंद केलेली सेवा, आणि आमच्या नेटवर्कच्या सीमेपलीकडचा इंटरनेटचा प्रश्न. शेवटचं वाक्य मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. शेताला बांध असतो तसा क्लाऊडलाही बांध आहे. बांधाच्या आत काय पिकलं ते कंपनी मोजते. बांधापासून तुमच्या मोबाईलपर्यंतचा रस्ता तिचा नाही.

उमापुरात बसून एक अर्ज भरायचा तर मध्ये काय काय लागतं, ते बघा. गावातली वीज. टॉवर किंवा ऑप्टिकल फायबर. क्लाऊडमधला वेब सर्व्हर. त्यामागचा डेटाबेस. ओटीपी पाठवणारी सेवा. आधारची पडताळणी. यातलं एक जरी अडलं तरी मावशीला उत्तर एकच मिळतं, सर्व्हर डाऊन. आता समजा या सहाही गोष्टी प्रत्येकी ९९.९ टक्के चालतात. तर सगळ्या एकाच वेळी चालू असण्याचं प्रमाण सहा वेळा गुणून येतं, साधारण ९९.४. महिन्याला सव्वाचार तास बंद. प्रत्येक जण आपापल्या जागी ‘आमचा आकडा पूर्ण आहे’ असं म्हणू शकतो आणि ते खरंही असेल. आणि गावातली वीज महिन्यात फक्त ४३ मिनिटं जाते, हे मी वरच्या हिशोबात धरलंय. ते वाचून गावाकडे कुणाला हसू आलं तर दोष त्यांचा नाही.

उलट बाजूने, एका कामासाठी दोन पर्याय ठेवले तर आकडा वाढतो. प्रत्येकी ९९ टक्के चालणाऱ्या दोन गोष्टी असतील आणि एक पडली की दुसरी लागत असेल, तर दोन्ही एकदम बंद पडायची शक्यता दहा हजारात एक. कागदावर ९९.९९ झालं. पण हे गणित तेव्हाच खरं, जेव्हा दोघी एकमेकींवर अवलंबून नसतील. आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. दोन मीटर घेतले आणि दोन्ही एकाच डीपीवर, तर डीपी जळाला की दोन्ही घरं अंधारात. क्लाऊडमध्ये डीपी दिसत नाही, एवढाच फरक. २० ऑक्टोबरला तो डीपी म्हणजे एक पत्ता होता.

हीच गोष्ट बॅकअपची. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली. बऱ्याच ग्राहकांचा मूळ डेटा आणि बॅकअप एकाच ठिकाणी होता. बाती कुर्ताज नावाच्या कंपनीने बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, तरी तो त्याच इमारतीत होता. करारात बॅकअप भौतिकदृष्ट्या वेगळा ठेवू असं लिहिलेलं असल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये लील इथल्या कोर्टाने ओव्हीएचला एक लाख युरोहून जास्त रक्कम द्यायला लावली. तिथे टक्केवारीचं कलम कामाला आलं नाही, जागेबद्दलचं एक वाक्य आलं. आणि दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ ला सरकारी डेटा सेंटरला आग लागून ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवण्याच्या जागेतला ८५८ टेराबाइट डेटा गेला, कारण त्याचा दुसरीकडे बॅकअपच नव्हता. सेवा चालू राहणं आणि डेटा शाबूत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसएलएचे टक्के बहुतेक वेळा फक्त पहिलीबद्दल बोलतात. ॲमेझॉनच्या एस३ या साठवणुकीबद्दल ‘अकरा नऊ’ म्हणून जो प्रसिद्ध आकडा आहे, तो डेटा टिकण्याच्या रचनेचा आहे. भरपाईचा करार मात्र उपलब्धतेचा आहे.

करार कुणाचा कुणाशी?

गावाकडून मला फोन येतो, “अरे, ते पोर्टल तुमच्याच लोकांनी केलंय ना, सांग की जरा.” काकांना वाटतं आम्ही सगळे इंजिनिअर एकाच ऑफिसात बसतो. पण प्रश्न चुकीचा नाही. सांगायचं कुणाला?

सरकारी पोर्टलची रचना साधारण अशी असते. खातं टेंडर काढतं. एक कंपनी ते सॉफ्टवेअर बनवते आणि चालवते. ती कंपनी क्लाऊड घेते. खातं आणि कंपनी यांच्यात एक एसएलए, कंपनी आणि क्लाऊडवाले यांच्यात दुसरं. आकडा हुकला तर क्लाऊडवाले कंपनीच्या बिलात वजावट देतात, आणि खातं कंपनीच्या पेमेंटमधून दंड कापतं. बहुतेक टेंडरमध्ये या दंडालाही कमाल मर्यादा असते. या सगळ्या देवाणघेवाणीत रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं नाव कुठेच नाही. त्याचा रोज बुडाला, तो दंडात धरला जात नाही आणि दंड त्याच्याकडे येत नाही.

विजेच्या बाबतीत निदान कायदा वेगळा विचार करतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५७ नुसार वितरण कंपनीने सेवेचे मानक पाळले नाहीत तर भरपाई थेट बाधित ग्राहकाला द्यायची आहे. त्यावर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे २०२१ चे विनियम आहेत. त्यात कोणता बिघाड किती वेळात दुरुस्त करायचा हे ठरवून दिलंय, शहराला कमी वेळ आणि खेड्याला जास्त. प्रत्यक्षात ती भरपाई किती जण मागतात हा वेगळा विषय. पण तत्त्व बघा. ज्याचं नुकसान, त्याला भरपाई, आणि मोजमाप ग्राहकाच्या मीटरपाशी.

सरकारी दाखल्यांसाठी आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे. हे राज्याने नागरिकाला दिलेलं एसएलएच आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली पाहिजे, नाही मिळाली तर अपील करता येतं, आणि दोषी अधिकाऱ्याला ₹५०० ते ₹५,००० दंड होऊ शकतो. चांगला कायदा आहे. पण त्याचं घड्याळ कधी सुरू होतं? परिपूर्ण अर्ज मिळाला की. पोर्टल अर्जच घेत नसेल, तर अर्ज क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून मुदत सुरू नाही, मुदत सुरू नाही म्हणून उशीरही नाही. ॲमेझॉनच्या करारात ‘नवा सर्व्हर मिळाला नाही’ हे जसं बंदमध्ये बसत नाही, अगदी तसंच. अडचण दाराच्या बाहेर झाली तर दोन्ही करारांना ती दिसत नाही.

टक्क्यांना तारीख कळत नाही

मला सर्वात मोठी उणीव ही वाटते. एसएलए सरासरी मोजतं. पण सरकारी कामाला शेवटची तारीख असते.

ताजं उदाहरण घेऊ. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थींनी ई-केवायसी करावी असा शासन निर्णय १८ सप्टेंबर २०२५ ला निघाला. मुदत दोन महिने. महिलेच्या स्वतःच्या आधारवर एक ओटीपी, आणि पती किंवा वडिलांच्या आधारवर दुसरा. सुरुवातीलाच ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनीही तांत्रिक अडचण आहे हे मान्य केलं. पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. पीक विम्याचा अनुभवही असाच. २०२३ च्या खरिपात ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत गेली, २०२४ मध्ये १५ जुलैची ३१ जुलैपर्यंत.

आता गणित करू. १८ सप्टेंबर ते १८ नोव्हेंबर म्हणजे ६१ दिवस, ८७,८४० मिनिटं. पोर्टलचा करार ९९ टक्क्यांचा असेल असं समजू. मग साडेचौदा तास बंद राहायला परवानगी आहे. हे साडेचौदा तास रोज पहाटे दोनला पंधरा-पंधरा मिनिटं असे गेले, तर उमापुरात कुणाला कळणारही नाही. आणि हेच साडेचौदा तास शेवटच्या दीड दिवसात, सेवा केंद्र उघडं असताना, एकदम गेले तर? अहवालात दोन्ही वेळा ९९ टक्केच येईल. कंपनीला दंड शून्य.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न आणखी कठीण आहे, कारण इथे शेवटची तारीख सरकारच्या आधी साखर कारखाना ठरवतो. दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादमाची गाडी येते आणि जोडपी ऊसतोडीला निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऑक्टोबरात ओटीपी आला नाही, तर नोव्हेंबरात ती बाई बेळगावच्या फडात असते. तिथून सेवा केंद्र शोधायचं म्हणजे एका दिवसाची तोड बुडवायची, आणि आधारला जोडलेला नंबर रिचार्ज नसल्याने बंद असेल तर तेही वाया. मुदत वाढवली हे चांगलंच झालं. पण मुदतवाढ बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी जाहीर होते. तोपर्यंत माणसाने दोन-तीन खेपा घातलेल्या असतात.

यावर तांत्रिक उपाय आहेत आणि ते काही रॉकेट उडवण्याएवढे अवघड नाहीत. पहिला म्हणजे अर्ज घेणं आणि अर्ज तपासणं या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. आधारची पडताळणी बंद आहे? असू दे. माहिती घ्या, वेळेचा शिक्का मारलेला टोकन नंबर द्या, अर्ज रांगेत ठेवा, पडताळणी परत आली की करा. ओटीपी लागतोच अशा कामात निदान ‘अमुक तारखेला अमुक वाजता ही व्यक्ती आली होती, आमच्याकडून अडलं’ एवढी नोंद द्या. आम्ही खाजगी कंपन्यांत हे रोज करतो. ऑनलाइन खरेदीत पैसे अडकले तरी ऑर्डरची नोंद राहते.

दुसरा, मोजमाप डेटा सेंटरच्या दारात न करता बाहेरून करायचं. तालुक्याच्या ठिकाणाहून, साध्या मोबाईल नेटवर्कवरून, दर पाच मिनिटांनी खरा अर्ज भरून बघणारा एक छोटा प्रोग्राम पुरतो. आणि तो आकडा सगळ्यांना दिसेल अशा पानावर टाकायचा. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल यांची अशी पानं आहेत. ती पानं उशिरा लाल होतात असा टोमणा आम्ही इंजिनिअर मारतो, पण पान तरी आहे.

तिसरा उपाय टेंडरमध्ये लिहायचा आहे. शेवटच्या सात दिवसांतलं बंद मिनिट साध्या दिवसाच्या मिनिटापेक्षा कितीतरी महाग धरायचं, आणि जेवढे तास पोर्टल बंद तेवढी मुदतवाढ आपोआप. मंत्र्यांच्या घोषणेची वाट बघायची गरज नाही.

तुमच्या हातात काय आहे?

पतसंस्था, शाळा, दुकान किंवा दवाखान्यासाठी क्लाऊडवरचं सॉफ्टवेअर घेत असाल, तर विकणाऱ्याला टक्के विचारण्यात वेळ घालवू नका. विचारा, की बंद म्हणजे काय ते कुठे लिहिलंय? बॅकअप कोणत्या शहरात आहे आणि तो परत चढवून शेवटचं कधी बघितलं होतं? क्लाऊडवाल्याकडून तुम्हाला मिळालेलं क्रेडिट माझ्यापर्यंत येणार का? आणि तुमची कंपनीच बंद झाली तर माझा डेटा मला कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल? शेवटच्या प्रश्नाला विक्रेता जरा गप्प होतो. होऊ द्या, पण उत्तर लेखी घ्या.

सरकारी पोर्टल अडलं तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, त्यात तारीख, वेळ आणि आलेला संदेश दिसला पाहिजे. सेवा केंद्रचालकानेही वहीत रोजची नोंद ठेवली तर अख्ख्या गावाच्या कामाला येईल. मुदतीवरून वाद झाला तर ‘सर्व्हर डाऊन होता’ या तोंडी वाक्यापेक्षा ती वही जास्त वजनदार ठरते.

आणि एक गोष्ट माझ्या माहितीत फारसं कुणी करत नाही. पोर्टल चालवणारी कंपनी खात्याला उपलब्धतेचे अहवाल देते, कारण त्यावरच तिचं पेमेंट ठरतं. हे अहवाल माहिती अधिकार कायदा २००५ खाली मागता येतात. संबंधित खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा: अमुक पोर्टलचे गेल्या सहा महिन्यांचे उपलब्धतेचे अहवाल, करारातलं एसएलएचं परिशिष्ट, आणि त्याआधारे कंपनीच्या देयकातून केलेली दंडाची कपात. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यात हे आरामात बसतं. शुल्क ₹१०, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि ₹१० चा कोर्ट फी स्टॅम्प लावून पोस्टानेही.